जिवाणूंचं एन्झाइम रोखणारी फळं: खान्देशच्या दुकानांत मिळणारा माल कितपत कामाचा?

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठल्याही मोठ्या मेडिकल स्टोअरमध्ये आता प्रोटीन पावडरच्या डब्यांशेजारी पोटाच्या आरोग्याचा वेगळा कप्पा दिसतो. त्यातल्या चार प्रकारच्या मालाचं हे परीक्षण: कॅल्शियम डी-ग्लुकारेटच्या कॅप्सूल, डाळिंबाच्या सालीची पूड, द्राक्षाच्या बियांचा अर्क आणि हिरव्या केळीचं पीठ. दुकानात नसेल तर ऑनलाइन मागवता येतो. जाहिरातीतली ओळ चौघांचीही जवळपास एकच, की फळातलं नैसर्गिक द्रव्य आतड्यातल्या घातक जिवाणूंचं एन्झाइम (क्रिया घडवून आणणारं प्रथिन) रोखतं. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. आतलं द्रव्य तेच असतं, बदलतं ते वेष्टन आणि किंमत.

निकाल आधीच सांगून टाकतो. केळीचं पीठ घ्यावं. डाळिंबाची साल बेताने आणि पारखून. द्राक्ष बी अर्क तपासणीचा अहवाल हातात असेल तरच. ग्लुकारेटच्या कॅप्सूलसाठी हजाराच्या वर पैसे घालावेत असं त्यात काही नाही.

आता कारणं. ज्या एन्झाइमवर हा सगळा बाजार उभा आहे त्याचं नाव बीटा-ग्लुकुरोनिडेज. वापरून झालेली हार्मोन्स, बिलिरुबिन, बरीचशी औषधं अशी शरीराला नको झालेली द्रव्यं यकृत ग्लुकुरॉनिक आम्लाचं, म्हणजे साखरेपासून बनलेल्या एका द्रव्याचं, शेपूट लावून पाण्यात विरघळणारी करतं आणि त्यातला मोठा वाटा पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथे ई. कोलाय, क्लॉस्ट्रिडियम, बॅक्टेरॉइडीस अशा जिवाणूंकडे हे शेपूट कापणारं एन्झाइम असतं. शेपटातली साखर जिवाणू खातो आणि मोकळं झालेलं द्रव्य पुन्हा रक्तात शिरू शकतं. म्हणजे एन्झाइम रोखलं तर बाहेर जायला निघालेला माल बाहेरच जाईल. तर्क सरळ आहे आणि तो पोकळही नाही. इरिनोटेकान या कर्करोगावरच्या औषधात नेमकं हेच घडतं. यकृताने निष्प्रभ केलेला त्याचा अंश जिवाणू आतड्यात पुन्हा जिवंत करतात आणि रुग्णाला जबर जुलाब होतात. 2010 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या संशोधकांनी जिवाणूंचंच एन्झाइम निवडून रोखणारे रेणू शोधले आणि उंदरांमध्ये हे जुलाब आटोक्यात आणून दाखवले. जिवाणूंच्या या एन्झाइमवर एक जास्तीचा वळसा असतो, तो माणसाच्या एन्झाइमवर नसतो. ते रेणू त्या वळशाला चिकटत होते, म्हणून माणसाचं एन्झाइम सुटलं. पण हे रेणू फळातले नव्हते. दुकानात हा संदर्भ सांगितला जातो तेव्हा एवढी गोष्ट गाळली जाते.

कॅल्शियम डी-ग्लुकारेट

ग्लुकारिक आम्ल सफरचंद, संत्रं, ग्रेपफ्रूट आणि ब्रोकोलीत बऱ्यापैकी असतं, द्राक्षात फारच थोडं. कॅप्सूलमध्ये असतो त्याचा कॅल्शियम क्षार, बहुधा 500 मिलिग्रॅम. हा आकडा पुऱ्या क्षाराचा असतो. चार पाणी-रेणू धरून हिशेब केला तर 500 मिलिग्रॅममध्ये सुमारे 62 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे 328 मिलिग्रॅम ग्लुकारिक आम्ल निघतं. लेबलवर फक्त क्षाराचा आकडा ठळक छापलेला असेल आणि आम्लाचा कुठेच नसेल, तर ते लेबल अर्धवट समजावं.

खरी अडचण पुढे आहे. एन्झाइम रोखतो तो ग्लुकारेट नव्हे, त्यापासून तयार होणारा 1,4-लॅक्टोन, म्हणजे त्याच आम्लाचं कडं बनलेलं रूप. पोटातल्या आम्लात क्षार सुटतो आणि त्याचा काही भाग लॅक्टोनमध्ये बदलतो, इथवर ठीक. पण हा लॅक्टोन उदासीन पाण्यात टिकत नाही, हळूहळू उघडून पुन्हा आम्ल होतो. प्रयोगशाळेत याच कारणाने त्याचं द्रावण ताजं करून वापरतात, कालचं द्रावण आज तितकं चालत नाही. मोठ्या आतड्यात पोचायला काही तास लागतात, तिथला पीएच सहा-सातच्या आसपास, म्हणजे जवळपास उदासीन, आणि वाटेत लहान आतड्यात काही भाग शोषलाही जातो. जिथे जिवाणूंची खरी गर्दी आहे तिथे लॅक्टोन किती उरतो, याचं उत्तर पाकिटावर कुठेच नाही. शिवाय हा लॅक्टोन निवडक नाही. माणसाच्या पेशींमधलं बीटा-ग्लुकुरोनिडेजही त्याने रोखलं जातं. या क्षाराच्या बाजूने मांडलं जाणारं बहुतेक काम उंदरांवरचं आहे.

‘हार्मोन डिटॉक्स’ म्हणून या कॅप्सूल पाळीच्या तक्रारी असलेल्या मुलींना विकल्या जातात, ते तर फारच खटकतं. गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन याच वाटेने आतड्यातून परत रक्तात येतं. ती वाट अडवण्याचा दावा करणारी कॅप्सूल त्या गोळीसोबत घ्यायची का, हा प्रश्न काउंटरवर कोणी विचारत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी यातलं कॅल्शियम विसरू नये. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडचं औषध कमी शोषलं जातं.

त्या पैशात पाचोरा-भडगावकडची मोसंबी कितीतरी दिवस पुरेल. रस काढून गाळू नका. फोडीवरची पांढरी पापडी ठेवून खा, हेस्पेरिडिन हे मोसंबीतलं द्रव्य त्या पापडीत जास्त असतं आणि चोथाही मिळतो. चोथ्याचं महत्त्व केळीच्या पिठाशी येईल.

डाळिंबाच्या सालीची पूड

साक्रीपासून पलीकडे सटाणा-मालेगावपर्यंत भगवा डाळिंबाचा पट्टा आहे, त्यामुळे हा माल इथे स्वस्त आणि ताजा मिळायला हवा. डाळिंबातलं मुख्य द्रव्य प्युनिकॅलाजिन, एलॅजिटॅनिन वर्गातलं, म्हणजे टॅनिन या तुरट द्रव्यांपैकी एक. दाण्यांपेक्षा सालीत ते कितीतरी जास्त असतं. सालीचा अर्क परीक्षानळीत जिवाणूंची अनेक एन्झाइमं रोखतो, हे खरं आहे. मात्र टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं. आवळा किंवा कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ तुरट होते ती लाळेतली प्रथिनं टॅनिनने बांधली जातात म्हणून. नळीत एन्झाइम हेही प्रथिनच, तेही तसंच बांधलं जातं. जेवणातल्या आमटी-भाकरीच्या प्रथिनांसोबत पोटात गेलेलं टॅनिन आधी त्यांना चिकटणार, पुढे जिवाणूंच्या वाट्याला काय उरेल ते उरेल.

दुसरी गंमत अशी की, डाळिंबाचं जे कौतुक होतं ते युरोलिथिन नावाच्या द्रव्यांमुळे, आणि ती बनवतात आतड्यातले जिवाणूच, आपल्या एन्झाइमांनी. सगळ्यांच्या आतड्यात ते जिवाणू नसतात, म्हणून एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही. जिवाणूंची एन्झाइमं बंद पाडणं म्हणजे फायदाच, हे समीकरण डाळिंबाच्याच बाबतीत कोसळतं.

तरी माल म्हणून पारखायचा कसा? चांगली पूड पिवळट-तपकिरी असते. लालभडक किंवा गुलाबी दिसली तर रंग घातल्याची शंका घ्या, कारण वाळवून दळलेल्या सालीत तो रंग उरत नाही. फारच काळपट असेल तर साल उघड्यावर ओलसर पडून राहिलेली. चिमूटभर जिभेवर ठेवली की लगेच तोंड आवळलं पाहिजे. टॅनिन आहे का हे घरी बघायचं तर पाव चमचा पूड अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि गाळा. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची गोळी वरचं रंगीत आवरण धुऊन थोड्या पाण्यात कुटा, ते पाणी यात घाला. निळसर-काळी शाई तयार झाली तर टॅनिन आहे. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो याच क्रियेने. मात्र हिरडा किंवा बाभळीची साल मिसळली तरीही काळंच होईल, त्यामुळे ही चाचणी भेसळ पकडत नाही, फक्त मातीमोल माल बाजूला काढते.

याच शाईत एक इशाराही आहे. टॅनिनने बांधलेलं लोह शरीराला मिळत नाही. रक्त कमी असलेल्या बाईने लोहाच्या गोळीसोबत किंवा जेवणाच्या ताटावर ही पूड घेतली तर गोळी फुकट. निदान दोन तासांचं अंतर ठेवा. गरोदरपणी घेऊच नका.

सर्वांत मोठा दोष फवारणीचा. तेल्या रोगामुळे डाळिंबावर ताम्रयुक्त औषधांसह बरीच फवारणी होते आणि पृष्ठभागावरचा अंश सालीवरच राहतो. दाणे खाणाऱ्याच्या पोटात तो जात नाही, पूड खाणाऱ्याच्या जातो. अनेक ठिकाणी ही साल दाणे सोलणाऱ्या किंवा रस काढणाऱ्या युनिटमधून येते, वेगवेगळ्या बागांची एकत्र. ‘नैसर्गिक’ हा शब्द इथे काहीच सांगत नाही. कीटकनाशक अंश आणि जड धातू या दोन्हींचा बॅच क्रमांकासह अहवाल मागा. नसेल तर फवारणीची नोंद ठेवणाऱ्या ओळखीच्या बागायतदाराचं फळ आणून साल घरी करा. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, पेराएवढे तुकडे करायचे, पातळ कापडाखाली वाळवायची आणि तुकडा कडकन मोडेपर्यंत दळायची नाही. अर्धवट वाळलेल्या सालीची पूड डब्यात आठवडाभरात गोळे धरते, पुढे बुरशी. प्रमाण एका वेळी पाव चमचा, साधारण ग्रॅमभर. पाकिटावर ‘दिवसातून दोनदा एक चमचा’ असं छापलेलं आढळतं, ते बद्धकोष्ठाला आमंत्रण आहे.

द्राक्ष बी अर्क

‘95 टक्के प्रोअँथोसायनिडिन’ (द्राक्षाच्या बीतलं टॅनिन) हा आकडा जवळपास प्रत्येक बाटलीवर असतो. तो कुठल्या पद्धतीने मोजला हे लिहिलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही, कारण साध्या रंगचाचण्या द्राक्षाचं टॅनिन आणि दुसरं कुठलंही टॅनिन यांत भेद करत नाहीत. परदेशात तपासलेल्या काही नमुन्यांत शेंगदाण्याच्या टरफलातली लाल साल मिसळलेली सापडली आहे. शेंगदाण्याच्या सालीत ए-प्रकारची प्रोसायनिडिन असतात, द्राक्षाच्या बीत मुख्यतः बी-प्रकारची, त्यामुळे एचपीएलसीत, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत, भेसळ उघडी पडते. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्याने या अहवालाशिवाय हात लावू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

याच कप्प्यात द्राक्षाचं आणखी एक सोंग दिसतं, बाल्सामिक व्हिनेगर. 2015 साली उंदरांवरच्या एका गाजलेल्या कामात डीएमबी नावाच्या द्रव्याने जिवाणूंचं टीएमए बनवणारं एन्झाइम रोखलं. अंड्याचा बलक आणि मटणातल्या कोलीन-कार्निटिनपासून जिवाणू टीएमए बनवतात, यकृत त्याचं टीएमएओ करतं आणि त्याचा संबंध रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जोडला जातो. डीएमबी काही बाल्सामिक व्हिनेगरांत आणि रेड वाइनमध्ये आढळलं, एवढाच धागा. बाटलीवर त्याचं प्रमाण नसतं. सॅलडवर चवीपुरतं घ्या, औषध म्हणून नको.

जांभूळ बी चूर्णही आता ‘जिवाणू एन्झाइम’च्या फळीवर ठेवलेलं दिसतं. त्याची फळीच चुकली आहे. जांभळाच्या बीचा दावा आहे तो अल्फा-ग्लुकोसिडेजबद्दल, आणि लहान आतड्याच्या भिंतीवरचं ते पिष्ट (स्टार्च) पचवणारं एन्झाइम आपलं स्वतःचं. ते रोखलं तर न पचलेला पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंना जास्तच खुराक मिळतो, म्हणून त्या वर्गातल्या औषधांनी पोट फुगतं. पपनस-ग्रेपफ्रूटचंही तसंच. त्यातली द्रव्यं रोखतात ते आपल्याच आतड्याच्या भिंतीतलं औषधं मोडणारं एन्झाइम, आणि त्यामुळे काही औषधांची रक्तातली पातळी धोकादायक वाढते.

हिरव्या केळीचं पीठ

रावेर, यावल, चोपड्याचा हा माल. बचत गटांपासून छोट्या कारखान्यांपर्यंत अनेक जण करतात, उपवासाच्या पिठांशेजारी मिळतो. यात एन्झाइम रोखणारा रेणू शोधायची गरजच नाही, मार्ग वेगळा आहे. कच्च्या केळीतला न पचणारा पिष्ट मोठ्या आतड्यात पोचतो, जिवाणू तो आंबवतात, आम्लं तयार होतात आणि तिथला पीएच खाली येतो. ई. कोलायचं बीटा-ग्लुकुरोनिडेज सातच्या आसपास जोमात चालतं, आम्ल वाढलं की मंदावतं. मोसंबीचा चोथा, भाज्या, कळण्याची भाकरी यांतल्या तंतूंचा थोडाफार परिणाम याच दिशेचा.

पीठ विकत घेताना कसोटी एकच, पिष्ट कच्चा राहिला आहे का. केळीचा पिष्ट साधारण 65 अंशांच्या पुढे फुलायला लागतो, आणि एकदा फुलला की तो लहान आतड्यातच पचतो. ड्रायर 75-80 अंशांवर चालवून झटपट वाळवलेलं पीठ उपवासाला छान, पण या कामाला निकामी. ग्लासभर थंड पाण्यात एक चमचा टाकून ढवळा. कच्चं पीठ थोड्या वेळात खाली बसतं आणि वर पाणी मोकळं दिसतं. शिजलेलं पीठ थंड पाण्यातच घट्ट होऊन चिकटतं. दुकानदाराला न दुखवता हे घरी करून बघता येतं, आणि पाकीट परत करायला सबळ कारणही मिळतं.

घरी करायचं तर घड उतरवल्यावर लगेचचं केळं घ्या, रायपनिंग चेंबरमधून आलेलं नको. तिथे फळ पिकवणारा इथिलीन वायू लागल्यावर पिष्टाची साखर व्हायला सुरुवात होते. सोलून तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या करा आणि लगेच लिटरला दोन-तीन ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, नाहीतर काळ्या पडतील. निथळून ड्रायरमध्ये 50 अंशांवर. एप्रिल-मे मध्ये गच्चीही चालते. आपल्याकडचं 43-45 अंशांचं ऊन माणसाला नकोसं असलं तरी पिष्टाला सुरक्षित आहे, वर धुळीसाठी मलमल टाका. काळ्या पत्र्यावर मात्र पसरू नका, पत्रा फार तापतो. चकती टचकन मोडली की दळा, चक्कीवर बारीक आणि सावकाश, पीठ हाताला चटका देईल इतकं गरम होऊ देऊ नका. एक किलो पिठाला सालासकट साडेपाच-सहा किलो केळी लागतात. यावरून बाजारभाव तपासता येतो. कच्च्या केळीच्या भावाचा हिशेब न जुळणारं स्वस्त पीठ दिसलं तर त्यात दुसरं काही मिसळलेलं आहे.

खायचं कसं यातच बहुतेकांचं चुकतं. थालीपीठ, भाकरी, खीर, सगळ्यात तव्याच्या आचेवर पिष्ट फुलतो. थंड झाल्यावर थोडा परत आवळतो, पण बराचसा गेलेला असतो. ताकात कालवून न शिजवता घ्या, आठवडाभर एक चमचा, मग दोन. पहिल्याच दिवशी अर्धी वाटी घेतली तर वायू इतका होतो की पाकीट फेकून दिलं जातं, आणि दोष पिठाला. ताकाची जोड फक्त चवीपुरती नाही. गोल्डिन आणि गोरबाक या संशोधकांनी 1984 मध्ये 21 स्वयंसेवकांना लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलस दुधातून दिल्यावर विष्ठेतलं बीटा-ग्लुकुरोनिडेज घटलेलं आढळलं, आणि देणं थांबवल्यावर ते पुन्हा वाढलं. घरच्या विरजणात नेमका तोच जिवाणू असेल असं नाही, त्यामुळे त्या निष्कर्षाची हमी ताकाला देता येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे पीठ रोजच्या भाकरीच्या जागी धरायचं ठरवलं तर साखर तपासत राहावी.

काउंटरवर विचारायचं

अर्क विकणारे ‘आयसी-50’ हा आकडा दाखवतात, म्हणजे एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला लागणारं प्रमाण. नळीतली ही चाचणी पिवळ्या रंगावर चालते. पॅरा-नायट्रोफिनॉल सुटलं की द्रावण पिवळं होतं आणि ते 405 नॅनोमीटरवर मोजतात. फळांचे गडद अर्क स्वतःच तिथे प्रकाश अडवतात. एन्झाइमशिवाय नुसत्या अर्काचं वाचन वजा केलेलं नसेल तर आकडा भलताच येतो. टॅनिनच्या गाठी होऊन एन्झाइम त्यात अडकतं तेव्हाही ‘रोखलं’ असंच दिसतं. थोडं डिटर्जंट घालून चाचणी पुन्हा केल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तो गाठींचा होता. विक्री प्रतिनिधीला हे दोन प्रश्न विचारले की पुढचं बोलणं बहुधा सवलतीवर येतं.

लेबलवर 14 आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक, ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ हा प्रकार, आणि औषधी वापरासाठी नसल्याची सूचना हवी. आयुर्वेदिक म्हणून विकलं जात असेल तर आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना. पुढच्या बाजूला आजार बरा होण्याचं आश्वासन आणि मागे ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी जोडी दिसली तर मागची बाजू खरी धरा.

आणि काही औषधांना जिवाणूंची एन्झाइमं हवीच असतात. सोनामुखीतली द्रव्यं जिवाणूंनी मोडल्याशिवाय रेचक होत नाहीत. मोठ्या आतड्याच्या सुजेवरची सल्फासालझिन जिवाणूंनी फोडली तरच तिच्यातलं औषध सुटतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचं मायकोफेनोलेट बीटा-ग्लुकुरोनिडेजमुळेच आतड्यातून रक्तात परत येतं आणि त्याची पातळी टिकते. यांपैकी काही चालू असेल तर एन्झाइम रोखण्याचा दावा करणारी कॅप्सूल किंवा अर्क सुरू करण्याआधी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. तोंडी नाव सांगितलं तर आतला घटक बहुधा सांगायचा राहून जातो.